कॅबिनेट सॉफ्टवेअरमधलं बांधणीचं टेम्प्लेट: त्यात काय घालायचं आणि काय बाहेर ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचा छोटा कारखाना आहे. पॅनल सॉ (बोर्ड कापायची करवत), एजबँडर (कडेला पट्टी चिकटवणारं मशीन) आणि आता सीएनसी बोरिंग मशीन (भोकं पाडणारं) आलं आहे. कॅबिनेट डिझाइनचं सॉफ्टवेअर घेऊन वर्ष होत आलं, पण दोन्ही डिझायनर अजून जुन्या ऑर्डरची फाइल कॉपी करून तिच्यातच फेरफार करतात. लायब्ररीत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘जोशी किचन करेक्टेड’ असल्या नावांची ढीगभर टेम्प्लेटं, म्हणजे पुन्हा वापरायचे साचे, साचली आहेत. एकूण किती टेम्प्लेटं लागतात, त्यांत काय घालायचं, आणि बाहेर रेडीमेड लायब्ररी मिळतात त्या घ्याव्यात का?

आधी आकडा सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. तुमच्यासारख्या कारखान्याला दोन, फार तर तीन बांधणीची टेम्प्लेटं पुरतात. बेस (ओट्याखालचे खोके), ओव्हरहेड (भिंतीवरचे), टॉल (उंच), लॉफ्ट (माळ्याचे), वॉर्डरोब हे सगळं धरून. ढीग झालाय तो टेम्प्लेटं जास्त लागतात म्हणून झालेला नाही. एकाच टेम्प्लेटमध्ये चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या, म्हणून झालाय. त्यातली एक बदलली की आख्खं टेम्प्लेट नव्याने सेव्ह करावं लागतं.

त्या चार गोष्टी अशा. खोका कसा जोडायचा, ही बांधणी: तळ दोन साइडच्या मध्ये की साइडच्या खाली, बॅक (मागची फळी) खाचेत की मागून ठोकलेला, मिनिफिक्स (बोल्ट आणि तो आवळणारा गोल कॅम) की कन्फरमॅट (जाड, लांब स्क्रू). दुसरी, तो कशाचा, हे मटेरियल: बोर्ड, त्याची जाडी, मायका, एजबँड (कडेची पट्टी). तिसरी, त्यावर काय लागणार, हे हार्डवेअर: बिजागरी, चॅनल (ड्रॉवरचे सरकते रूळ), हँडल, लिफ्ट-अप (वर उघडणाऱ्या दाराची यंत्रणा). आणि चौथी, तो खोका कोणता, ही कॅबिनेटची लायब्ररी: ६०० मिलिमीटरचा सिंक युनिट (पुढची मापंही मिलिमीटरमध्येच), तीन ड्रॉवरचा ९००, कोपऱ्याचा, सिलिंडरचा. कॅबिनेट व्हिजनमध्ये पहिल्याला कन्स्ट्रक्शन मेथड म्हणतात आणि दुसऱ्याला मटेरियल शेड्यूल, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवलेली आहेत ती उगाच नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतात, कप्पे साधारण तेच. स्केचअपमध्ये डायनॅमिक कंपोनंट करून काम चालवत असाल तर हे कप्पे तुम्हालाच पाडून घ्यावे लागतात, कारण तिथे सगळी सूत्रं एकाच कंपोनंटच्या पोटात जाऊन बसतात.

ग्राहकाने पांढऱ्याऐवजी वॉलनट मागितला, तर बदल मटेरियलमध्ये. सॉफ्ट-क्लोज नको म्हणाला, तर हार्डवेअरमध्ये. बांधणीला हात लागायला नको. तुमच्या ‘जोशी किचन करेक्टेड’मध्ये नक्की काय करेक्ट केलं होतं ते उघडून बघा; बहुतेक रंग किंवा हँडल निघेल.

आता बांधणी नीट बघू. एकच खोका घेतो: ६०० रुंद, ७२० उंच, ५५० खोल, पीव्हीसी लेगवर उभा राहणारा बेस. प्रिलॅम (लॅमिनेट आधीच दाबून आलेला) बोर्ड १८ मिलिमीटर. तळ दोन साइडच्या मध्ये, म्हणून तळाची लांबी ६०० वजा ३६, म्हणजे ५६४. वर पूर्ण टॉप नाही, पुढे-मागे दोन पट्ट्या, त्याही ५६४च्या. बॅक ८ मिलिमीटरचा, मागच्या कडेपासून २० सोडून ८ खोल खाचेत. त्याची रुंदी ५६४ अधिक १६ वजा १, म्हणजे ५७९. तो एक मिलिमीटर कमी केला नाही तर बॅक खाचेत ठोकून बसवावा लागतो आणि साइड फाकतात. सुटं शेल्फ ५६२ रुंद. खोली ५५० वजा मागचे २८ वजा पुढचे २०, म्हणजे ५०२. शटर, म्हणजे खोक्याचं दार, ५९७ बाय ७१७, चारही बाजूंना दीड-दीड सोडून.

हे सगळे आकडे बरोबर आहेत आणि यातला एकही आकडा टेम्प्लेटमध्ये जसाच्या तसा लिहायचा नाही. ३६ लिहायचे नाहीत. ‘दोन गुणिले साइडची जाडी’ लिहायचं. का, ते पुढच्या ऑर्डरला कळतं. ग्राहकाला पार्टिकल बोर्ड नको, प्लायच हवा. आपल्याकडे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक असंच असतं. १८चा शिक्का असलेला प्लाय व्हर्नियरने (जाडी मोजायच्या कॅलिपरने) मोजला तर १७.४ भरतो. त्यावर आतून-बाहेरून ०.८चा लायनर (पातळ लॅमिनेट) दाबला की झाला १९. आता टेम्प्लेटमध्ये ३६ ठोकून लिहिलेले असतील तर तळ निघतो ५६४चाच, साइड मात्र १९-१९च्या, आणि खोका होतो ६०२. एका खोक्यात दोन मिलिमीटर कोणाच्या लक्षात येत नाहीत. ओट्याखाली सलग पाच खोके लावले की दहा मिलिमीटर होतात, आणि शेवटचा खोका फ्रिजच्या भिंतीपर्यंतच्या जागेत मावत नाही. शटर तर ५९७चंच आलेलं असतं, त्यामुळे दोन शटरमधली फट तीनऐवजी पाच दिसते. मग साइटवर मिस्त्री रंधा काढतो आणि दोष मापं घेणाऱ्याच्या माथी जातो.

म्हणून पहिला नियम: जाडी फक्त मटेरियलमध्ये राहते, आणि ती लेबलवरची नाही, मोजलेली. प्लायचा नवा लॉट आला, लायनर दाबून झाला की तीन-चार ठिकाणी व्हर्नियर लावायचा आणि तो आकडा मटेरियलमध्ये भरायचा. बांधणीने तो तिथून वाचायचा. खाचेची रुंदीसुद्धा अशीच: बॅकची मोजलेली जाडी अधिक अर्धा मिलिमीटर.

जाडीचा दुसरा धक्का बसतो तो भोकांना. मिनिफिक्सचा बोल्ट तळाच्या जाडीच्या बरोबर मध्यावर यायला हवा. १८च्या बोर्डाला साइडवरचं भोक खालच्या कडेपासून ९वर, १९ला ९.५वर. इथे ९ ठोकून लिहिलेले असले तर तळ अर्धा मिलिमीटर साइडच्या बाहेर डोकावतो. दिसायला काही नाही, पण त्या कडेला एजबँड बसलेला असतो आणि हात फिरवला की धार लागते. कॅमचं १५ मिलिमीटरचं भोक किती खोल घ्यायचं हेही जाडीवर ठरतं. १६च्या बोर्डाचा कॅम आणि १८-१९च्या बोर्डाचा कॅम एकच नव्हे. कडेपासून कॅमचं अंतर बोल्टच्या प्रकाराने ठरतं, २४ किंवा ३४. तुमच्या स्टोअरमध्ये कुठला बोल्ट येतो ते बघून एकच ठरवा आणि दुसरा विकत घेणं बंद करा. हे काम सॉफ्टवेअरचं नाही, खरेदीचं आहे, पण ते ठरल्याशिवाय टेम्प्लेट ठरत नाही.

टेम्प्लेट कुठून सुरू करायचं याचं उत्तरही यातच आहे. कॉम्प्युटरपासून नाही. बोरिंग मशीनजवळ जा आणि हेडमध्ये कोणते ड्रिल बसवले आहेत ते लिहून घ्या: ५, ८, १५, ३५, असतील तर ७ आणि १०. टेम्प्लेटमध्ये यांच्याबाहेरचा व्यास आला की मशीन एकतर अडतं, नाहीतर राउटरने ते भोक कोरत बसतं आणि वेळ खातं. मग हार्डवेअरचा रॅक बघा. मग मिस्त्रीला विचारा की खोका उभा करताना तो आधी काय जोडतो. या तीन ठिकाणी जे ठरलेलं आहे तेच टेम्प्लेटमध्ये जातं. जे ठरलेलं नाही ते आधी ठरवायचं. डिझायनरने एकट्याने बसून केलेलं टेम्प्लेट स्क्रीनवर सुंदर दिसतं आणि खाली कोणी वापरत नाही.

एजबँडचं वजाबाकीचं प्रकरण मी वेगळं काढतो, कारण कटिंग लिस्टमधल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे आहे. ५९७ बाय ७१७चं शटर, चारही कडांना २ मिलिमीटरची पट्टी. कापायचं माप ५९३ बाय ७१३. एजबँडरला प्री-मिलिंग (पट्टी लावण्याआधी कड खरवडणारं कटर) असेल आणि ते प्रत्येक कडेला अर्धा मिलिमीटर खात असेल, तर ५९४ बाय ७१४. ही वजाबाकी कोण करणार? सॉफ्टवेअर करू शकतं, कटिंग ऑप्टिमायझर (शीटवर तुकडे बसवून देणारा प्रोग्रॅम) करू शकतो, आणि पॅनल सॉवरचा जुना माणूस तर डोक्यात करतोच; तो गेली कित्येक वर्षं करत आलाय. दोघांनी केली तर शटर चार मिलिमीटर लहान येतं. टेम्प्लेटमध्ये ठरवा की सॉफ्टवेअरच करणार, आणि पॅनल सॉकडे जाणाऱ्या लिस्टवर फक्त कापायचं माप छापा. तयार माप त्या कागदावर दिसताच कामा नये. दिसलं की कोणीतरी वजा करणारच.

याचाच जुळा भाऊ म्हणजे बिजागरीचं भोक. ३५ मिलिमीटरचा कप, शटरच्या कडेपासून कपाची कड ५वर ठेवली तर मध्य येतो २२.५वर. पण कुठल्या कडेपासून? एजबँड लागल्यानंतरच्या. तुम्ही आधी पट्टी लावून मग बोरिंगला देत असाल तर २२.५ बरोबर. उद्या नेस्टिंग मशीन आलं आणि पूर्ण शीटवरच कटिंग आणि भोकं एकत्र होऊ लागली, तर पट्टी नंतर लागणार. मग कापलेल्या कडेपासून २०.५, प्री-मिलिंग धरून २१. साइडवर पुढच्या कडेपासून ३७वर भोकांची रांग असते तिचंही तसंच, तिथे पट्टी ०.८ची असते एवढाच फरक. टेम्प्लेटमध्ये ‘भोकं पट्टीआधी की पट्टीनंतर’ अशी एक खूण ठेवा आणि सूत्र त्या खुणेवर चालवा. मशीन बदलताना सगळी लायब्ररी उकरावी लागणार नाही.

३७चं सांगतो तर एवढंही सांगून टाकतो. ३२ मिलिमीटरच्या पद्धतीत साइडवर ५च्या भोकांची रांग पुढच्या कडेपासून ३७वर, भोकातलं अंतर ३२, आणि त्याच रांगेत शेल्फची पिन आणि बिजागरीची प्लेट दोन्ही बसतात. पण हे शटर साइडच्या वर चढतं तेव्हा, म्हणजे झिरो क्रँक किंवा आठ क्रँकला (क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक). शटर आत बसणारं असेल, सोळा क्रँक, तर प्लेट शटरच्या जाडीइतकी मागे जायला हवी: ३७ अधिक १८. वॉर्डरोबला आतली शटरं हवीत म्हणून एक आख्खं नवीन टेम्प्लेट करणारे मी पाहिलेत. गरज नाही. शटर कसं बसतं याला एक पर्याय ठेवायचा, प्लेटचं अंतर त्यावरून निघू द्यायचं. बिजागऱ्या किती, हेही उंचीवरून निघू द्या: साधारण ९०० पर्यंत दोन, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार, त्यावर पाच, आणि शटर जड असेल तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे एक जास्त. टॉल युनिटला दोन बिजागऱ्यांची ऑर्डर गेली आणि साइटवर शटर लोंबलं, हे डिझायनर विसरला म्हणून होतं. सूत्र विसरत नाही.

ड्रॉवरला मात्र एकच सूत्र सगळीकडे लावू नका. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना मिळून २६ वजा केले की ड्रॉवरची बाहेरची रुंदी मिळते. पातळ धातूच्या बाजू असलेल्या सिस्टिमला तळाची वजावट वेगळी, मागच्या फळीची वेगळी, आणि प्रत्येक कंपनीची वेगळी. त्यामुळे ही वजावट बांधणीत नव्हे, हार्डवेअरच्या कप्प्यात, त्या-त्या चॅनलच्या नावापुढे. बांधणीने फक्त आतली रुंदी आणि आतली खोली द्यायची. आपल्या ५५०च्या खोक्यात आतली खोली ५२२, म्हणून ५००चं, म्हणजे वीस इंची चॅनल बसतं. पिलर आडवा आला आणि खोका ४८०चा करावा लागला तर आत राहतात ४५२. कागदावर १८ इंची बसायला हवं, पण मी दहा मिलिमीटर मोकळे सोडतो, म्हणून १६ इंची. हा निर्णय टेम्प्लेटने घ्यावा. डिझायनर आशावादी असतो.

५५० खोली कुठून आली? तर शीटमधून. ८ बाय ४ची शीट म्हणजे २४४० बाय १२२०. कडा साफ करायला दोन्ही बाजूंचे मिळून २० गेले, राहिले १२००. ५५०च्या दोन पट्ट्या काढल्या, उरले १००. करवतीने तीन कापांत बारा खाल्ले, उरले ८८. त्यात ८० रुंदीची पट्टी निघते, आणि वरच्या पट्ट्या ८०च्याच आहेत. खोली ५६० घेतली असती तर उरले असते ६८, त्यात ८०ची पट्टी निघत नाही, आणि ती दुसऱ्या शीटमधून कापावी लागते. दहा मिलिमीटरचा फरक, पण वर्षभराच्या शीटवर पसरून बघा. ५५० अधिक १८चं शटर, वर ६००चा ग्रॅनाइट. पुढे तीसएक मिलिमीटर बाहेर राहतो, पाणी शटरवर उतरत नाही. टेम्प्लेटचा खरा पैसा इथे वाचतो, ड्रॉइंगच्या वेळात नाही. तुम्ही नेस्टिंगवर असाल तर हा हिशेब वेगळा करावा लागेल, कारण राउटरचा बिट करवतीपेक्षा जास्त रुंद खातो.

मग ती दोन-तीन टेम्प्लेटं कोणती? पहिलं, कारखान्यात तयार होऊन सुटं जाणारं: मिनिफिक्स आणि डोवेल (लाकडी खुंटी), बॅक खाचेत. दुसरं, प्लायचं, कन्फरमॅट किंवा स्क्रूने आवळलेलं, दिसणाऱ्या बाजूला वेगळं एंड पॅनल. कन्फरमॅटला साइडमधून ७चं आरपार आणि तळाच्या कडेत ५चं, हे दोन्ही ड्रिल तुमच्याकडे आहेत का ते आधी बघा. तिसरं लागलं तर जुन्या कडाप्प्याच्या ओट्यासाठी. पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांत कडाप्पा काढायला ग्राहक तयार नसतो, त्याला त्याच खणांना फ्रेम आणि शटर हवी असतात. तिथे साइड, तळ, बॅक काहीच नसतं, त्यामुळे पहिल्या दोघांतलं कुठलंच टेम्प्लेट पिळून वापरता येत नाही. वॉर्डरोबला वेगळं टेम्प्लेट लागत नाही; मधलं एक शेल्फ पक्कं करा, एवढाच फरक, आणि तो कॅबिनेटच्या पातळीवर ठेवता येतो.

सिंक युनिट, सिलिंडर युनिट यांचं काय, असं विचाराल. ते लायब्ररीत. सिंक युनिटला बॅक नाही, पाइपसाठी. तळावर ॲल्युमिनियमची शीट आणि चारही कडांना पट्टी, खालच्या कडेलासुद्धा, जी इतर खोक्यांना आपण सोडून देतो. सिलिंडरच्या युनिटला तळच नाही, सिलिंडर फरशीवर. बांधणी तीच, फक्त एखादा भाग बंद. टेम्प्लेटमध्ये प्रत्येक भाग चालू-बंद करायची सोय ठेवली की हे सगळे त्याच बांधणीवर बसतात.

रेडीमेड लायब्ररीबद्दल. घ्या, पण उघडून बघायला. सॉफ्टवेअरबरोबर येणारी बरीच टेम्प्लेटं अमेरिकेच्या कामावर बेतलेली असतात. तिथे साइड थेट जमिनीपर्यंत जाते आणि तिलाच पुढे पाय सरकवायची खाच कापलेली असते. वर फेस फ्रेम (खोक्याच्या तोंडाला लावलेली चौकट), बोर्ड पाऊण इंची म्हणजे १९.०५, आणि ओटा ३६ इंचांवर, म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपल्या बायका ८५०च्या आसपासच्या ओट्यावर काम करतात, आणि फरशी बादलीभर पाण्याने धुतली जाते. साइड जमिनीला टेकली की पहिल्याच पावसाळ्यात खालून फुगायला लागते. लेग आणि वेगळं स्कर्टिंग हेच आपलं. अशा टेम्प्लेटमध्ये एक-एक आकडा बदलत बसण्यापेक्षा कोरं घेऊन सुरुवात केलेली परवडते, कारण त्यांच्या सूत्रांत ती खाच दहा ठिकाणी लपलेली असते. युरोपीय लायब्ररी आपल्याला जवळची, फ्रेमलेस आणि मिलिमीटरमधली, पण तिच्यात हार्डवेअरची जी मॉडेलं असतात ती सगळी इथल्या बाजारात मिळतील असं नाही.

टेम्प्लेट तयार झालं की ते मोडून बघायचं. आपला ६००चा खोका घ्या आणि १५०चा करा, बाटल्यांच्या पुलआउटइतका. मग १२००चा करा. खोली ५५०ची ३०० करा. बोर्ड १८चा २५ करा, १२ करा. प्रत्येक वेळी मागून, खालून फिरवून बघा: शेल्फ साइडच्या बाहेर आलं का, दोन मिनिफिक्स एकमेकांवर चढले का, १५०च्या खोक्यातही तळाला तीन-तीन डोवेल घालतोय का, १२००ला शेल्फखाली आधार येतो का. साधारण मापांत सगळीच टेम्प्लेटं चालतात. मग एक खोका खरा कापा, टाकाऊ बोर्डात. मिस्त्रीला ड्रॉइंग देऊ नका, फक्त लेबल लावलेले तुकडे आणि हार्डवेअरची पिशवी द्या, आणि बाजूला उभे राहा. तो जे विचारेल ते टेम्प्लेटमध्ये राहिलेलं आहे. ‘ही पट्टी उभी का आडवी?’ असं विचारलं तर लेबलवर दिशा नाही. पिशवीत दोन स्क्रू उरले तर हार्डवेअरची मोजणी चुकली आहे. बिलिंगमध्ये तीच चूक दर खोक्याला जाणार आहे.

आता रोजच्या वापराचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बदल चार पातळ्यांवर करता येतो: मूळ लायब्ररी, ऑर्डर, खोली आणि एकटा कॅबिनेट. भिंत काटकोनात नाही म्हणून शेवटच्या खोक्याला फिलर (फट भरायची पट्टी) ३०ऐवजी ५५चा लागला, तर तो त्या कॅबिनेटपुरता. ग्राहकाला सगळीकडे प्रोफाइल हँडल हवं, म्हणून शटर वरून कमी करायचं, तर ऑर्डरपुरतं. तुमचे डिझायनर करतात ते उलटं: एका खोक्यासाठी मूळ लायब्ररी बदलतात, पुढच्या ऑर्डरला ती बदललेली निघते, म्हणून मग परत नवीन नावाने सेव्ह. मूळ लायब्ररीला कुलूप घाला, किल्ली एकाकडे. सॉफ्टवेअर परवानगी वेगळी करू देत नसेल तर लायब्ररीचं फोल्डर विंडोजमध्येच फक्त वाचण्यापुरतं ठेवा. एकच फेरफार तीन वेगवेगळ्या ऑर्डरमध्ये दिसला की मग तो मूळ टेम्प्लेटमध्ये घेण्याचा विचार करायचा, आधी नाही.

हाताने बदललेल्या कॅबिनेटचा एक स्वभाव लक्षात ठेवा. एखाद्या खोक्याचा आकडा तुम्ही तिथेच टाइप करून बदलला की तो खोका वरच्या सूत्रापासून तुटतो. नंतर टेम्प्लेट सुधारलंत तरी त्या एका आकड्याला ते कळत नाही. म्हणून सध्या लायब्ररीत असलेल्या कॅबिनेटमध्ये असे हाताने टाइप केलेले आकडे किती आहेत ते एकदा शोधा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते वेगळ्या रंगात दिसतात. जुन्या फाइली कॉपी करत राहिल्यामुळे तुमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले असणार.

नावाबद्दल: ग्राहकाचं नाव टेम्प्लेटला कधीही द्यायचं नाही, आणि ‘फायनल’ हा शब्द तर नाहीच. जोडणी, बॅकचा प्रकार, आणि कोणत्या महिन्यापासून चालू, एवढं नावात पुरे. जाडी नावात नको. ती मटेरियलमधून येते. शेजारी एक साधी वही किंवा शीट ठेवा: तारीख, काय बदललं, कोणी सांगितलं म्हणून. ‘बॅकची खाच १८वरून २०वर, हँगर बसत नव्हता’ एवढी एक ओळ बस. दोन वर्षांनी नवा डिझायनर २० का म्हणून विचारेल तेव्हा सांगायला तुम्हाला आठवणार नाही.

काही कामं टेम्प्लेटमध्ये आणायचा हट्ट करू नका. देवघर, बीमखाली तिरका कापलेला लॉफ्ट, ४५ अंशांचा कोपरा, गोल कडेचा काउंटर: ही एकेकटी कामं आहेत, हाताने काढा. त्यांच्यासाठी बांधणीत अटी घालत गेलात तर साध्या बेसचं सूत्रही वाचता येईनासं होतं. मी अशी टेम्प्लेटं बघितली आहेत ज्यांत एका शेल्फच्या लांबीला पाच ‘जर-तर’ होते. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेला होता.

जुन्या ढिगाचं काय करायचं: लगेच पुसू नका. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर उघडताना टेम्प्लेटची एक प्रत त्या ऑर्डरच्या फाइलमध्ये जाते, पण सगळ्यांत तसं नसतं. काहींत फाइल मूळ लायब्ररीकडेच बघत असते, आणि ती हलली की चालू काम बिघडतं. तुमच्यात काय आहे ते एका बंद झालेल्या ऑर्डरवर करून बघा: लायब्ररीत एक आकडा बदला, ऑर्डर पुन्हा उघडा, कटिंग लिस्ट बदलते का पाहा. बदलत असेल तर चालू ऑर्डरी जुन्याच लायब्ररीवर संपवा, आणि नवीन लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून पुढच्या ऑर्डरपासून तिच्यावर जा. अर्धं किचन जुन्यावर आणि त्याच घराचा वॉर्डरोब नव्यावर, असं मात्र होऊ देऊ नका. बॅकची खाच आणि शटरची फट दोन्हीकडे वेगळी येईल. आणि कामाची वारंटी ज्यांची अजून चालू आहे अशा ग्राहकांच्या फाइली त्यांच्या जुन्या लायब्ररीसकट झिप करून ठेवा. वर्षभराने त्याच मापाचं एक शटर बदलून मागायला फोन येतो.